दहा मिनिटांचा कॉम्प्युटर

दोस्तांनो, सुट्टी कशी चालली आहे? आंबे खाऊन झाले? मामाच्या गावाला जाऊन आलात? यंदा आमच्याकडे उलटंच झालं. मामाच भाच्याच्या गावाला गेला! मामा म्हणजे अर्थातच मी.

त्याचं झालं असं. एका शनिवारी सकाळी सांगलीहून ताईचा फोन आला. "अरे, आमचा कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय. दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल. मारू का?"

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडलो, की माझ्या हातातला चहा सांडला. "मी येतोय. तोवर कुणीही काहीही मारू नका."

एवढं ओरडण्यासारखं काय होतं? ऐका. फॉरमॅट करणं म्हणजे कॉम्प्युटरची पाटी पुसून कोरी करणं. आणि ताईच्या कॉम्प्युटरच्या पाटीवर तिच्या सासूबाईंचा, म्हणजे माझ्या भाच्याच्या आजींचा आवाज होता. आजींना जात्यावरच्या ओव्या पाठ होत्या. ताईनं त्यातल्या चाळीसेक ओव्या त्यांच्याकडून म्हणवून घेऊन मोबाइलवर टिपल्या आणि कॉम्प्युटरवर उतरवल्या. पुढे तो मोबाइल पाण्यात पडला. दोन वर्षांपूर्वी आजीही गेल्या. आता त्या ओव्या जगात एकाच ठिकाणी उरल्या होत्या, सारख्या बंद पडणाऱ्या त्या कॉम्प्युटरमध्ये. आणि आजोबा रोज त्या ऐकायचे.

संध्याकाळी पोचलो तर घरात वातावरण तंग. आठवीतला भाचा कोपऱ्यात गाल फुगवून बसलेला. दाजी म्हणाले, "विचारा तुमच्या भाच्याला. नको नको ते गेम टाकले, त्यानंच घालवला कॉम्प्युटर."

"मी नाही घालवला!" भाचा रडवेला झाला होता.

आता सांगा, कुणाचं खरं मानायचं? मी म्हटलं, "कुणी घालवला ते नंतर बघू. आधी काय बिघडलंय आणि कुठे बिघडलंय ते शोधू. भाचेबुवा, एक वही आणि पेन घेऊन या."

आधी विचारा, मग हात लावा

डॉक्टर काय करतात? पेशंट आला की लगेच सुई टोचत नाहीत. कधीपासून दुखतंय, जेवणाआधी की जेवणानंतर, असं विचारतात. कॉम्प्युटरचंही तसंच आहे. तो स्वतः बोलत नाही, पण घरातली माणसं बोलतात.

ताई म्हणाली, महिन्याभरापासून बंद पडतोय. भाचा म्हणाला, आधी पंख्याचा आवाज खूप वाढतो आणि मग खटकन सगळं काळं होतं. आजोबा मात्र गप्प होते. मी त्यांना मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, "सकाळच्याला समद्या ओव्या ऐकून होत्यात. दुपारी मात्र चार-पाच झाल्या की बंद पडतंय बघा."

दोस्तांनो, सगळ्यांत मोलाची माहिती दिली ती कॉम्प्युटरमधलं ओ की ठो न कळणाऱ्या आजोबांनी! सकाळी जास्त वेळ चालतो आणि दुपारी कमी. सांगलीचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. माझ्या मनात एक संशय आला. पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आणि आम्ही कामाला लागलो.

बाहेरून आत

बिघाड शोधण्याचा पहिला नियम असा, की सोप्यापासून सुरुवात करा आणि बाहेरून आत जा. कॉम्प्युटर उघडण्याआधी प्लग, बोर्ड आणि वायरी बघा. पुष्कळदा सैल बसलेला प्लगच गुन्हेगार निघतो.

आम्ही त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर शेजारी टेबललॅम्प लावला आणि कॉम्प्युटर सुरू केला. भाचा घड्याळ लावून बसला. अकरा मिनिटं झाली आणि कॉम्प्युटर गपकन बंद. पण दिवा? दिवा तसाच चालू, डोळाही मिचकावला नाही. म्हणजे वीज गेली नव्हती. मग दुसऱ्या खोलीतल्या पिनेवर लावून पाहिला. तिथेही तेच. वहीत नोंद झाली : "बाहेरची वीज ठीक."

बंद पडल्याबरोबर पुन्हा सुरू केला तर तीनच मिनिटं चालला. अर्धा तास विश्रांती दिली तर पुन्हा दहा मिनिटं. भाचा म्हणाला, "मामा, हा दमतोय!"

अगदी बरोबर शब्द. पण का दमतोय?

दहा मिनिटांत काय वाचवाल?

इथे मी वही मिटली. म्हटलं, "तपास थांबवा. आता आपल्या हातात दर अर्ध्या तासाला दहा मिनिटं आहेत. दुरुस्ती करताना काहीही होऊ शकतं. त्याआधी या दहा मिनिटांत काय बाहेर काढायचं?"

भाचा डोकं खाजवून म्हणाला, "गेममध्ये मी सव्विसाव्या लेव्हलला आहे..." मग त्यानं आजोबांकडे पाहिलं आणि म्हणाला, "आधी ओव्या."

शाब्बास! जे पुन्हा मिळणार नाही, ते पहिल्यांदा. ओव्या पहिल्या, घरचे फोटो दुसरे, शाळेचे प्रोजेक्ट तिसरे. गेम आणि सिनेमे सगळ्यांत शेवटी, कारण ते पुन्हा आणता येतात. घराला आग लागली तर माणूस आधी बाळाला उचलतो, टीव्हीला नाही.

पेनड्राइव्ह लावला. चाळीस ओव्या दीड-दोन मिनिटांत उतरल्या. आम्ही लगेच कॉम्प्युटर नीट, रीतसर बंद केला. पेनड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला आणि पहिली ओवी लावली. बैठकीच्या खोलीत आजींचा आवाज घुमला. आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि ते काही बोलले नाहीत.

हे लॅपटॉपवर लावून बघणं फार महत्त्वाचं आहे हं. नुसती कॉपी झाली म्हणून खूश होऊ नका. फाईल उतरत असताना कॉम्प्युटर बंद पडला तर ती अर्धवट राहते. नाव दिसतं, पण आत काही नसतं. म्हणून प्रत्येक कॉपी दुसऱ्या यंत्रावर उघडून बघायची. आणि यंत्र दमणारं असेल तर घास लहान घ्यायचे. एकदम सगळं ताटात ओढायचं नाही.

गेमची निर्दोष सुटका

आता मुख्य प्रश्न. गेममुळे कॉम्प्युटर बिघडला का?

याची एक नामी परीक्षा आहे. कॉम्प्युटर सुरू करताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबत राहिलं, की बऱ्याच कॉम्प्युटरांत एक वेगळाच पडदा उघडतो. त्याला बायोसचा पडदा म्हणतात. हल्लीच्या यंत्रांत आतली व्यवस्था बदलली आहे, पण नाव बोलताना बायोसच चालतं. हा पडदा उघडा असतो तेव्हा विंडोज सुरूच झालेली नसते. गेम नाही, व्हायरस नाही, इंटरनेट नाही. म्हणजे शाळेत मुलंच आलेली नाहीत आणि तरी बाक मोडला, तर मुलांना कसं रागवणार?

बायोसमध्ये फक्त बघायचं, तिथलं काही बदलायचं नाही. आम्हाला बघायचं होतं ते एका कोपऱ्यात होतं : सीपीयूचं तापमान.

थांबा, इथे एक घोटाळा दूर करू. आपण टेबलाखालच्या अख्ख्या डब्यालाच सीपीयू म्हणतो. खरा सीपीयू म्हणजे त्या डब्यात बसवलेली छोटीशी चौकोनी चिप. सगळी गणितं ती करते, आणि गणितं करता करता तापते.

भाचा आकडे वाचू लागला आणि आजोबा वहीत लिहू लागले. "अडुसष्ट... चौऱ्याहत्तर... एक्क्याऐंशी..." पंखा विमानासारखा घोंगावायला लागला. "अठ्ठ्याऐंशी... चौऱ्याण्णव..." आणि खटकन अंधार!

दाजी मागे उभे होते. मी वळून म्हटलं, "दाजी, आता तर गेम सुरूसुद्धा झाला नव्हता."

दाजी काही बोलले नाहीत. पण भाच्याचे गाल पुन्हा जागेवर आले.

कॉम्प्युटर बंद पडत होता, तो मुळात बिघडला म्हणून नव्हे, तर जळू नये म्हणून. सीपीयू फार तापला, पुष्कळ चिपांच्या बाबतीत शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास गेला, की यंत्र स्वतःलाच बंद करून घेतं. ताप आल्यावर अंथरुणात पडून राहावं तसं. वहीच्या शेवटच्या पानावरचा माझा संशय खरा ठरला होता : उष्णता.

बशीतला चहा आणि गोधडी

रविवारी सकाळी कॉम्प्युटर थंड असताना आम्ही प्लग उपसला आणि दाजींनी डब्याच्या बाजूचं झाकण काढलं. आणि काय सांगू! आत धुळीची गोधडी पसरली होती.

पण सफाईला हात लावण्याआधी फोटो बाहेर काढायचे राहिले होते. ताईकडचा पेनड्राइव्ह जुना आणि संथ, त्यामुळे तासभर तरी लागणार होता. म्हणून आणखी एक प्रयोग केला. झाकण तसंच उघडं ठेवून समोर हातभर अंतरावर टेबलफॅन लावला आणि सगळ्यांना बजावलं, की आता आत बोट घालायचं नाही. कॉम्प्युटर सुरू केला. दहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. तो चालतच राहिला! सगळे फोटो उतरले आणि उष्णतेचा दुसरा पुरावाही मिळाला. एक गोष्ट बदलली, फक्त वारा, आणि निकाल बदलला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे कशामुळे फरक पडला ते नक्की कळतं. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कॉम्प्युटर सुरू होईलही, पण बिघाड काय होता ते कधीच कळणार नाही.

आता धुळीनं असं काय केलं होतं? आजोबा चहा बशीत ओतून का पितात? बशीत चहा पसरतो, हवेला जास्त जागा मिळते आणि तो लवकर निवतो. सीपीयूच्या डोक्यावरही अशीच एक बशी असते. ती ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांची असते, पुस्तकाच्या पानांसारखी एकापुढे एक उभी. तिला हीटसिंक म्हणतात. चिपची उष्णता या पत्र्यांत पसरते आणि वरचा पंखा ती हवेबरोबर उडवून लावतो. पत्र्यांच्या फटींत धूळ गच्च बसली की हवा जायला वाटच राहत नाही. शिवाय धुळीच्या थरात हवा अडकून बसते, आणि अडकलेल्या हवेतून उष्णता सहज जात नाही. म्हणूनच तर गोधडी ऊबदार असते. थोडक्यात, वैशाखात बिचाऱ्या सीपीयूला गोधडी पांघरून पळायला लावलं होतं!

गेम खेळताना कॉम्प्युटरला जास्त धावावं लागतं, म्हणून त्याला जास्त घाम फुटतो हे खरं. पण गोधडी गेमनं पांघरली नव्हती.

सफाई, पण जपून

तुम्हाला करायचं असेल तर घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घ्या आणि हे वाचून ठेवा.

१. आधी बटण बंद, मग प्लग भिंतीतून बाहेर. नंतर कॉम्प्युटरचं बटण पाच-सहा सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली थोडीफार वीज निघून जाईल.

२. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावा. आपल्या अंगावरची स्थिर वीज नाजूक चिपांना इजा करू शकते.

३. रंगकामाचा मऊ, कोरडा ब्रश वापरा. ओलं फडकं नको. नाकाला रुमाल बांधा आणि काम गॅलरीत करा.

४. पंखा झाडताना त्याचं पातं बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.

५. मागच्या बाजूला जिथे विजेची वायर लागते तो पत्र्याचा बंद डबा, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडायचा नाही. घरातली २३० व्होल्टची वीज तिथे येते आणि प्लग काढल्यावरही आत काही वेळ साठून राहू शकते. त्याची धूळ फक्त बाहेरून झाडायची.

अर्ध्या तासात मूठभर धूळ निघाली. अगदी नमद्यासारखी! कॉम्प्युटर जोडला, पुन्हा बायोसचा पडदा उघडला. भाचा वाचू लागला. "एक्केचाळीस... सेहेचाळीस... पन्नास... एक्कावन्न..." आणि आकडा तिथेच थांबला. पंधरा मिनिटं झाली, तरी एक्कावन्न.

सफाईनंतरही आकडा चढतच राहिला असता तर? मग हीटसिंक आणि चिप यांच्यामध्ये लावलेला उष्णता वाहून नेणारा लेप वाळलाय का, हे बघावं लागलं असतं. ते काम चांगल्या मेकॅनिकचं. त्याला वही दाखवायची. असा नोंद ठेवणारा गिऱ्हाईक मेकॅनिकलाही आवडतो.

दुखणं वेगळं, लक्षणं वेगळी

सगळ्याच कॉम्प्युटरना धूळ बाधते असं नाही. बटण दाबूनही एकही दिवा लागत नसेल, तर वीज, वायर किंवा एसएमपीएसकडे बघा. पंखा फिरतो पण पडदा काळा आणि आतून बीप-बीप आवाज येतो, तर मेमरीची पट्टी खाचेत नीट बसलेली नसण्याची शक्यता असते. हार्डडिस्कमधून टक्-टक् असा आवाज येत असेल, तर पुन्हा पुन्हा सुरू करून बघू नका. आत काही मोलाचं असेल तर तसाच जाणकाराकडे न्या. आणि जळका वास आला तर विचार न करता भिंतीवरचं बटण बंद करा.

वहीतला पतंग

"मामा, एवढं सगळं लिहून कशाला ठेवायचं?" भाच्यानं विचारलं. मी त्याला एक खरी गोष्ट सांगितली.

१९४७ सालची ९ सप्टेंबर. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात मार्क टू नावाचा खोलीभर पसरलेला संगणक चुकायला लागला. शोधता शोधता त्याच्या एका रिलेत, म्हणजे विजेनं उघडझाप करणाऱ्या खटक्यात, अडकलेला एक पतंग सापडला. दिव्याभोवती फिरतो ना, तो किडा! तिथल्या मंडळींनी काय केलं? पतंग नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवला आणि शेजारी वेळ लिहून ठेवली. त्या गटात ग्रेस हॉपर होत्या. ही गोष्ट त्या पुढे आयुष्यभर सांगत. यंत्रातल्या दोषाला 'बग', म्हणजे किडा, म्हणायची पद्धत त्याही आधीची, एडिसनच्या काळातली आहे. पण इथे खराखुरा किडाच निघाला! पतंगासकट ते पान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाकडे जपलेलं आहे.

बघा, त्यांनी "हे कुणी केलं?" म्हणून एकमेकांवर ओरडण्यात वेळ घालवला असता, तर पतंग सापडला असता का?

मग चूक कुणाची?

भाचेबुवांनी मात्र हा प्रश्न सोडला नाही. मग आम्ही सगळ्यांनी मिळून हिशेब केला. घरासमोर तीन महिने रस्त्याचं काम चाललं होतं, धूळ तिथली. टेबल हलवताना डबा भिंतीला टेकवून ठेवला होता दाजींनी, त्यामुळे मागची हवा अडली. धूळ बसू नये म्हणून डब्यावर भरतकामाचं कव्हर घातलं होतं ताईनं, आणि ते चालू असतानाही काढायचं राहून जाई. पंखा महिनाभर ओरडत होता, तरी कुणाला न सांगता गेम खेळत राहिला भाचा. ज्याच्या-त्याच्या वाट्याला थोडं थोडं आलं. ताई म्हणाली, "म्हणजे सगळेच चोर!" आणि सगळे हसले.

आता डबा भिंतीपासून वीतभर पुढे आला आहे. कव्हर फक्त कॉम्प्युटर बंद असताना घालायचं ठरलंय. ओव्यांची एक कॉपी आजोबांच्या चष्म्याच्या जुन्या डबीत आहे आणि एक माझ्याकडे. दोन कॉपी एकाच घरात ठेवू नयेत, म्हणून.

दुपारी आजोबांनी सगळ्या ओव्या ऐकल्या. अगदी शेवटच्या ओवीपर्यंत. मग दाजी खुर्ची ओढून भाच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "हं, लाव तुझा तो गेम. बघू किती वेळ टिकतो ते."

चार वाजता बसले होते. मी रात्री जेवायला हाक मारली, तरी बापलेक उठायला तयार नव्हते!

डोकं चालवा

ताईच्या कॉम्प्युटरला आणखी एक खोड निघाली. प्लग काढून पुन्हा लावला की घड्याळ काही वर्षं मागची तारीख दाखवायचं, आणि तारीख चुकली की काही वेबसाईट उघडायलाच नकार द्यायच्या. प्लग लावलेला असेल तर मात्र घड्याळ बरोबर. असं का? खूण सांगतो : आतल्या मोठ्या हिरव्या पट्टीवर नाण्याएवढं, गोल, चकचकीत असं काहीतरी बसवलेलं असतं.

उत्तर पुढच्या आठवड्यात. तोवर एक काम करा. तुमच्या घरात एकाच ठिकाणी असलेली, पुन्हा कधीच मिळणार नाही अशी कुठली गोष्ट आहे, ती शोधा. आणि कॉम्प्युटर धडधाकट आहे तोवरच तिची कॉपी करून टाका.

बरंय तर, भेटू पुढच्या आठवड्यात!